घरच्या घरी व्हॅक्यूम फॉर्मिंग : उठावाच्या नकाशांसाठी कोणती साधने घ्यावीत?

बालाघाटकर (अंबाजोगाई)

नमस्कार. मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे आणि गेली काही वर्षे आसपासच्या जिल्हा परिषद शाळांसाठी मराठवाड्याचे उठावाचे नकाशे कागदाच्या लगद्यातून करून देत आलो आहे. लगद्याच्या नकाशाचे दुखणे असे की, तो एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पोहोचेपर्यंत बालाघाटाचा एखादा कोपरा पिशवीतच राहतो, आणि पावसाळ्यात बुरशी धरते ती वेगळीच. म्हणून एकच पक्का साचा करावा आणि त्यावर तापवलेली प्लास्टिकची शीट पसरून, खालची हवा ओढून, हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात, असे मनात आहे.

नकाशाचे प्रमाण दहा लाखांस एक धरले आहे. त्यात मराठवाड्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ४० सेंटीमीटर आणि दक्षिणोत्तर रुंदी ३४-३५ सेंटीमीटर भरते, म्हणून फ्रेमचे आतले माप ४५ बाय ४० सेंटीमीटर ठेवावे लागेल. खऱ्या प्रमाणात ६०० मीटरचा चढउतार अवघा ०.६ मिलिमीटर होतो आणि मुलांच्या बोटाला तो जाणवणारही नाही. त्यामुळे उभी उंची २० पट वाढवली असून साच्याचा सर्वांत उंच भाग तळापासून १२ मिलिमीटर आहे.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. २०१६ साली किकस्टार्टरवर (नव्या वस्तूंसाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमवणारे संकेतस्थळ) मांडलेल्या मेकूच्या फॉर्मबॉक्ससारखे टेबलावरचे तयार यंत्र घ्यावे, ओटीजी (स्वयंपाकघरातली विजेची लहान भट्टी) आणि घरातला व्हॅक्यूम क्लीनर यांवर काम भागवावे, किंवा फ्रेम, हीटर आणि पंप वेगवेगळे जमवून येथील वेल्डरकडून जुळवून घ्यावे. घरी सिंगल फेज आहे, १६ अँपिअरचा एक पॉइंट आहे आणि संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. बहुतेक पैसे चांगल्या पंपावर घालावेत, असा माझा कल आहे. जाणकारांनी मत द्यावे.

साचेकार (वाळूज)

सर, मी वाळूज एमआयडीसीत थर्मोफॉर्मिंगच्या, म्हणजे प्लास्टिक तापवून त्याला आकार देण्याच्या, कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पंपावर बहुतेक पैसे घालण्याचा आपला कल मला पटत नाही. शीट सर्वत्र सारखी तापली असेल, तर साधे यंत्रही बरा नकाशा काढून देते. शीट मध्यभागी वितळलेली आणि कडेला कडक असेल, तर जगातला कोणताही पंप ती खाली बसवू शकत नाही. म्हणून पैसे आधी हीटरवर, मग फ्रेमवर आणि उरले तर पंपावर, असा माझा क्रम आहे.

तयार यंत्र आपल्या मापामुळेच बाद होते. आपण उल्लेख केलेल्या यंत्राचे काम करण्याचे क्षेत्र २०० बाय २०० मिलिमीटर आहे. त्यात आपला मराठवाडा बसवायचा तर प्रमाण निम्म्यावर आणावे लागेल. ओटीजीचेही तेच. घरगुती २८-३० लिटरच्या ओटीजीत ४५ सेंटीमीटरची फ्रेम आत जातच नाही, आणि त्याच्या कांड्या अन्न भाजण्यासाठी असल्यामुळे शीटवर पट्टे पाडतात.

आता हिशेब पाहू. आपल्या शीटचे क्षेत्रफळ १,८०० चौरस सेंटीमीटर आहे. घरगुती कामाला दर चौरस सेंटीमीटरला दीड ते अडीच वॅट उष्णता असली, तर एक मिलिमीटरची शीट नीट तापते. म्हणजे २,७०० ते ४,५०० वॅट लागतील. १६ अँपिअरच्या पॉइंटवर साडेतीन किलोवॅटच्या वर जाता येत नाही, तेव्हा तीन किलोवॅटवर थांबावे. २३० व्होल्टला ते १३ अँपिअर होतात. यासाठी २५० वॅटचे १२ सिरॅमिक इन्फ्रारेड तुकडे तीनच्या चार ओळींत बसवावेत, असे मी सुचवेन. निक्रोमच्या तारेची उघडी कॉइल स्वस्त पडते, परंतु तापलेल्या शीटचा झोळ तिला लागला की आग लागते, आणि आपल्याकडे मुले बघायला येणार आहेत. क्वार्ट्झच्या नळ्या लगेच तापतात हा त्यांचा गुण आहे. सिरॅमिकला दहा मिनिटे आधी चालू करून ठेवावे लागते, पण एकदा तापले की ते शांतपणे एकसारखी उष्णता देत राहते.

हे १२ तुकडे समान अंतरावर मात्र लावू नयेत. शीटच्या कडा फ्रेमच्या लोखंडाला उष्णता देऊन बसतात आणि बाजूची हवाही त्यांनाच आधी लागते, म्हणून बाहेरचे १० तुकडे कडेकडे दाटीने आणि मधले दोन विरळ ठेवावेत. मधल्या दोघांना वेगळे बटण द्यावे. शीटपासून हीटरचे अंतर १० ते १५ सेंटीमीटर असावे आणि तेवढ्या उंचीत चारही बाजूंनी पत्र्याचे आडोसे करावेत, नाहीतर पंख्याच्या एका झुळकीने एक बाजू मागे पडते.

आपल्या व्होल्टेजबद्दल. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १८० व्होल्टला आपल्या तीन किलोवॅटचे साधारण १,८४० वॅटच उरतात, म्हणजे जवळजवळ ४० टक्के उष्णता गेलीच. सकाळी ५० सेकंदांत तयार होणारी शीट संध्याकाळी दीड मिनिट घेईल, आणि घड्याळ लावून काम करणारा माणूस दोन्ही वेळा चुकेल. म्हणून सेकंद मोजण्यापेक्षा शीटकडे पाहावे. हिप्सची (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची) शीट तापू लागली की आधी तिच्यावर लाटा उठतात, मग ती क्षणभर ताणून सपाट होते आणि त्यानंतर मध्यभागी झोळ धरते. आपल्या मापाच्या शीटला दोन-अडीच सेंटीमीटर झोळ आला की ती साच्यावर आणावी. हीटरची उष्णता शीटवर कशी पसरते हे तपासायचे असेल, तर एका वाया घालवायच्या शीटवर मार्करने दोन-दोन सेंटीमीटरचे चौकोन आखावेत आणि ती साध्या सपाट फळीवर ओढून पाहावी. जिथे चौकोन फाकले, तिथे उष्णता जास्त आहे.

रंगपेटी (परभणी)

साचेकार दादांच्या म्हणण्याला माझा अनुभव जोडते. मी बालनाट्यांसाठी मुखवटे आणि चिलखते काढते, तेही व्हॅक्यूम क्लीनरवरच. सर, आपला साचा १२ मिलिमीटरचाच आहे, तेव्हा क्लीनर आपल्याला पुरण्याची शक्यता बरीच आहे. मात्र क्लीनर कोणता, हे महत्त्वाचे आहे. घरात झाडण्यासाठी वापरतो त्या साध्या क्लीनरची मोटार आत ओढलेल्या हवेनेच थंड होते. आपण तोंड बंद करून हवा ओढतो, तेव्हा ती हवाच थांबते आणि मोटार तापते. माझा पहिला क्लीनर असाच जळाला, तोही प्रयोगाच्या आदल्या दिवशी. ओले-कोरडे दोन्ही ओढणाऱ्या क्लीनरमध्ये मोटारीला थंड करणारा पंखा बहुधा वेगळा असतो. घ्यायचाच तर तो घ्यावा आणि तरीही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये.

दुसरी चूक मी साच्याखालच्या, हवा ओढायच्या पेटीच्या बाबतीत केली. वरची छिद्रांची फळी सहा मिलिमीटरच्या एमडीएफची होती आणि खाली आधार नव्हता. क्लीनर सुरू होताच ती मधोमध खचली, आणि राक्षसाच्या मुखवट्याऐवजी राक्षसाचा पोहा हातात आला. आपली पेटी माझ्या पेटीच्या दुप्पट आहे, म्हणून आतून खुंट्या जरूर द्याव्यात.

थंडगार (लातूर)

ताईंच्या खचलेल्या फळीमागचा आकडा देतो, कारण लोकांना तो खरा वाटत नाही. चांगला क्लीनर साधारण २० किलोपास्कल ओढतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.२ किलो. १,८०० चौरस सेंटीमीटरच्या पेटीवर तो साडेतीन क्विंटलांहून अधिक भार झाला. पंप आणि टाकी लावून ०.७५ किलोपर्यंत गेलात, तर तोच भार साडेतेरा क्विंटलांच्या घरात जातो. सोयाबीनची तेवढी पोती फळीवर रचली आहेत असे समजून आधार द्यावा. १८ मिलिमीटरचे प्लायवूड आणि दर दहा सेंटीमीटरला खुंटी, यापेक्षा कमी करू नये.

मी फ्रीज-एसी दुरुस्तीचे काम करतो, म्हणून पंपाबद्दल अधिकाराने लिहू शकतो. गॅस भरण्यापूर्वी लाइन निर्वात करण्यासाठी आम्ही जो रोटरी पंप वापरतो, तो मिनिटाला ५० ते १०० लिटर हवा ओढतो आणि जवळजवळ पूर्ण निर्वात करतो. त्याची अडचण वेगाची आहे. आपल्या पेटीत आणि पाइपात मिळून सहा लिटर हवा धरली, तर ५० लिटरचा पंप ती पुरेशी विरळ करायला दहा सेकंद घेतो आणि तेवढ्यात एक मिलिमीटरची शीट साच्यावर गार होऊन कडक होते. म्हणून मध्ये टाकी लागते. टाकी आधी निर्वात करून ठेवायची आणि शीट खाली आली की बॉल व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडायचा. पेटीच्या सहापट, म्हणजे ३६ लिटरची टाकी ९० टक्के निर्वात केलेली असेल, तर व्हॉल्व्ह उघडल्यावर दोन्हींत मिळून सुमारे ७३ किलोपास्कलची ओढ उरते. टाकी भरायला, खरे तर रिकामी करायला, दोन-तीन मिनिटे लागतात आणि पुढची शीट तापेपर्यंत ती तयार असते.

पाइपाबद्दल एक सांगतो, कारण तेथे हटकून चूक होते. मोठी टाकी, चांगला पंप आणि मध्ये आमच्या कामातली पाव इंची तांब्याची नळी, अशी जोडणी मी स्वतः पाहिली आहे. तिने टाकीचा सगळा उपयोग बुडवला. टाकीपासून पेटीपर्यंत एक इंची पाइप आणि एक इंची व्हॉल्व्हच हवा. पंपापासून टाकीपर्यंत नळी बारीक असली तरी चालते.

आपल्याकडच्या निर्वात मोजणाऱ्या गेजबद्दल गैरसमज नको. समुद्रसपाटीला पारा ७६० मिलिमीटर असतो, परंतु छत्रपती संभाजीनगरसारख्या सुमारे ५७० मीटर उंचीच्या गावी हवेचा दाबच ७१० मिलिमीटरच्या, म्हणजे २८ इंचांच्या, आसपास असतो. त्यामुळे काटा २८ इंचांच्या पुढे सरकला नाही, म्हणून पंप परत करायला जाऊ नये. माझ्याकडे दोन गिऱ्हाइके तेवढ्यासाठी येऊन गेली आहेत.

टाकी म्हणून घरगुती गॅसचे सिलिंडर कोणी सुचवले, तर ऐकू नका. ते कंपनीच्या मालकीचे असते आणि त्याला भोक पाडताना आतला उरलेला गॅस पेट घेऊ शकतो. जुन्या एअर कंप्रेसरची धडकी टाकी भंगारात मिळते, ती घ्यावी. प्लास्टिकचा ड्रम किंवा तेलाचा पातळ डबा बाहेरच्या दाबाने चेपतो. जुन्या फ्रीजचा कंप्रेसर पंप म्हणून चालतो, पण तो तेल फेकतो आणि सलग चालवला तर तापतो. फ्रीज अलीकडचा असेल तर त्यात आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, असण्याची शक्यता आहे. तो ज्वलनशील आहे, म्हणून असा फ्रीज घरी कापू नये.

उद्यमी (जालना)

थोडा वेगळा विचार मांडतो. सरांना ४०-५० प्रतीच हव्या असतील, तर साचा तयार करून पॅकेजिंगच्या ट्रे काढणाऱ्या एखाद्या कारखान्याकडे द्यावा. त्यांची यंत्रे रिकामी असतात तेव्हा एका दुपारी काम होते. आमच्या भागात रोपवाटिकांचे प्रो-ट्रे याच पद्धतीने निघतात. यंत्र उभे करण्यात जेवढे पैसे आणि महिने जातील, तेवढ्यात नकाशे शाळांत लागलेलेही असतील. आणि यंत्र झालेच आहे, तर त्यावर जेवणाच्या ताटल्या-पेले काढू, असा विचार कोणी करत असेल, तर एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या अशा वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

बालाघाटकर

उद्यमी, आपला सल्ला व्यवहाराचा आहे आणि पैशांपुरते पाहिले तर तोच बरोबर आहे. परंतु माझी हौस अशी की, सपाट पांढऱ्या शीटवर मांजरेचे खोरे डोळ्यांदेखत उमटताना मुलांनी पाहावे. शिवाय दरवर्षी साच्यात काही तरी दुरुस्ती निघते, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या दारात जाणे होणार नाही.

आता शीटविषयी विचारतो. येथील दुकानदार पीव्हीसी घ्या म्हणतो, कारण ती स्वस्त आणि लगेच मिळणारी आहे. घ्यावी का?

साचेकार

घरात पीव्हीसी नको. ती १२०-१५० अंशांना छान वाकते, पण जास्त तापली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. ती डोळ्यांना आणि घशाला लागते आणि आसपासचे लोखंड गंजवते. नवशिक्याच्या हातून शीट जास्त तापणारच. आपल्याला हिप्स घ्यावी. ती १५० ते १७० अंशांच्या दरम्यान कामाची होते, सुकवावी लागत नाही, चुकीला माफ करते आणि ॲक्रिलिक रंग धरते. एक मिलिमीटरची ४५ बाय ४० ची शीट १९० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे पोरालाही सहज नेता येते. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची शीट अधिक चिवट असते, परंतु ती हवेतला ओलावा धरते आणि न सुकवता तापवली तर अंगभर फोड येतात. पावसाळ्यात तर येतातच. हिप्सलाही तापताना वास येतो, तेव्हा काम ओसरीत किंवा उघड्या खिडकीजवळ करावे, मात्र वाऱ्याच्या तोंडावर नाही.

आपला उद्योग नवा नाही, हेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने प्लास्टिकच्या शीटवर आधी नकाशा छापून मग ती साच्यावर ओढण्याची पद्धत वापरली होती. छापील रेषा साच्यावर जागच्या जागी बसवणे हे त्यातले अवघड काम. आपण त्या फंदात न पडता नंतर रंगवावे.

साचा पीओपीचा करणार असाल, तर तो पूर्ण वाळू द्यावा; ओल्या साच्यावर तापलेली शीट पडली की वाफ धरते आणि शीट डागाळते. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तो लवकर वाळेल. छिद्रे एक मिलिमीटरची असावीत आणि ती डोंगरावर न पाडता सखल जागी पाडावीत, कारण हवा शेवटी तेथेच अडकते.

स्पर्श (नांदेड)

सर, मी दृष्टिहीन मुलांना शिकवते. ब्रेलची पाने आणि बोटांनी वाचायच्या आकृत्या यांच्या प्रती काढायला आमच्या क्षेत्रात हेच तंत्र फार पूर्वीपासून वापरतात. कागदाच्या मूळ प्रतीवर पातळ प्लास्टिक तापवून ओढतात. आपण मुलांच्या बोटांचा उल्लेख केलात, म्हणून एक विनंती. आमच्या मुलांसाठी प्रत काढाल तेव्हा नदी खोलगट न ठेवता उंच, सलग रेषेची ठेवावी. अरुंद खाचेत बोट शिरत नाही, आणि सगळा उतार एकाच नकाशात दाखवला तर नदी त्यात हरवते. तेव्हा आमच्यासाठी साचा वेगळाच लागेल.

बालाघाटकर

ताई, हे मला सुचलेच नव्हते. नद्यांसाठी दुसरा साचा करतो. जाड दोरा चिकटवून गोदावरी, मांजरा आणि दुधना एवढ्याच घेईन.

बालाघाटकर (अडीच महिन्यांनंतर)

यंत्र उभे राहिले, म्हणून हकिकत लिहितो. चौकोनी पाइपाची फ्रेम येथील वेल्डरने केली, वर १२ सिरॅमिक तुकडे बसवले, बाजूला वेगळा एमसीबी आणि अर्थिंग घेतले. पंपाचे पैसे सध्या खर्च केले नाहीत. शेजाऱ्यांचा ओला-कोरडा क्लीनर मागून आणला आणि पेटीत १६ खुंट्या घातल्या.

पहिल्या तीन शीट वाया गेल्या. पहिली मी घड्याळाकडे बघत बसल्यामुळे जळाली. दुसरीत फ्रेम आणि पेटी यांच्यामधून हवा शिरत होती. कागदाची पातळ पट्टी कडेला धरून पाहिली, तर दोन कोपऱ्यांत ती आत खेचली जात होती. तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली, पण तापलेल्या फ्रेमखाली ती चिकट होऊन गेली. तिसरीत अजिंठ्याचे डोंगर सुरेख आले आणि बालाघाटाची कडही उमटली, मात्र पैठणच्या खाली गोदावरीचे खोरे फुगलेलेच राहिले. तेथे छिद्रे कमी पडली होती. शिंप्याच्या सुईएवढ्या ड्रिलने पात्राच्या रेषेत आणखी २२ छिद्रे पाडली, आणि चौथ्या शीटला नाथसागरापासून नांदेडपर्यंत नदी खाली बसली. त्या वेळी दुपारचे अडीच वाजले होते आणि व्होल्टेज २२५ होते. संध्याकाळी सातला तशीच दुसरी शीट ९५ सेकंदांनी झोळावर आली, साचेकारांनी सांगितले होते तसेच.

लहान ओढे अजून येत नाहीत. त्यासाठी टाकी-पंपाची जोडणी पुढे करायची आहे. त्याआधी एक विचारतो : ट्यूबऐवजी कोणती पट्टी लावावी?

थंडगार

सिलिकॉनची स्पंजासारखी पट्टी घ्यावी. बेकरीच्या भट्ट्यांची दारे दुरुस्त करणाऱ्यांकडे ती मीटरवर मिळते. १० मिलिमीटर जाडीची घ्या आणि कोपऱ्यांत जोड न ठेवता गोल वळवून, जोड सरळ बाजूच्या मध्यावर आणा. टाकी पाहायला लातूरला येणार असाल तर रविवारी या. त्या दिवशी भंगारवाल्याकडे गर्दी नसते आणि आतून गंजली आहे का, हे टॉर्च घालून निवांत बघता येते.